बोधचिन्हामागचा पेपर

(दृश्य: एप्रिलची दुपार. गणवेशाचा कारखाना. भरतकामाच्या कॉम्प्युटर मशिनी सुरू.)

शाळा जूनमध्ये उघडतात, पण सोलापुरात त्यांची धांदल उन्हाळाभर चालू असते. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळवणारं हे शहर आज देशाच्या कानाकोपऱ्यातल्या शाळांसाठी गणवेश शिवतं. आणि गणवेश म्हटला की खिशावर शाळेचं बोधचिन्ह आलंच.

ही मशीन मिनिटाला 700-800 टाके सहज घालते. नुसत्या कापडाला एवढा मारा सोसत नाही. कापड आत ओढलं जातं, चुण्या पडतात, गोल चिन्ह लंबगोल होतं. म्हणून कापडाखाली न विणलेला, कागदासारखा एक थर फ्रेममध्ये धरतात. पाकिटावर लिहिलेलं असतं स्टॅबिलायझर. मशिनीवरची माणसं म्हणतात बॅकिंग, किंवा नुसतं पेपर.

फ्रेमची पकड घट्ट बसायला हवी, म्हणून पेपर फ्रेमच्या बाहेर चहूबाजूंनी इंचभर तरी घ्यावा लागतो. चिन्ह असतं जेमतेम तीन इंचांचं. टाक्यांखालचा पेपर तिथंच राहतो, भोवतालचा सगळा फाडून किंवा कापून बाजूला पडतो. घाईच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत मशिनीखाली ढीग साचतो.

(दृश्य: जवळून. दोन हात ढिगातले तुकडे निवडताहेत.)

धागे कापायला बसणाऱ्या अक्कांचे हे हात. “अक्का, सगळे पांढरेच की हो. ओळखता कसे?”

त्या बोलत नाहीत, करून दाखवतात. एक तुकडा दोन्ही हातांनी ओढला, टर्रकन फाटला. तो टेअर-अवे, शर्टाच्या कापडाखालचा. दुसरा कितीही ओढला तरी फाटेना. तो कट-अवे, ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टाखालचा. तिसऱ्याची एक बाजू उजेडात तिरपी धरली, बारीक चकचकीत कण दिसले. तो इस्त्रीनं चिकटणारा. चौथा पातळ, पारदर्शक. त्यावर ओलं बोट टेकवलं आणि बोट चिकटलं. तो पाण्यात विरघळणारा.

हे निवडणं म्हणजे अर्धं काम झालं. तुकडे वाया जातात ते लहान असतात म्हणून नव्हे, सगळे एकाच पोत्यात कोंबले जातात म्हणून. टी-शर्टाखाली चुकून टेअर-अवे गेला, तर चिन्ह मशिनीवरून उतरताना छान दिसतं. चार धुण्यांनंतर आधार सुटतो आणि चिन्ह आक्रसतं. मग मालक म्हणणार, तुकडे वापरूच नका. म्हणून प्रत्येक मशिनीशेजारी चार पिशव्या टांगाव्यात आणि तुकडा फाडला की तिथल्या तिथं टाकावा. आठवड्यानं ढीग उपसत कोणी बसत नाही.

(दृश्य: दोन तुकडे जोडणारी शिलाई मशीन.)

मोठे तुकडे जोडता येतात. टेअर-अवेच्या दोन कडा अर्धा इंच एकमेकींवर ठेवून झिगझॅग टीप मारायची. कट-अवे जाड असतो, त्याच्या कडा नुसत्या भिडवायच्या, नाहीतर शर्टावर उंचवटा उमटतो. जोड चिन्हाच्या दाट भरावाखाली येऊ द्यायचा नाही. आणि सुईनं चाळण झालेला तुकडा पुन्हा टाक्यांखाली घालायचाच नाही, त्यात जोर उरलेला नसतो.

लहान तुकडे फ्रेममध्ये धरावे लागतच नाहीत. अक्षरांचा भराव जिथं दाट आहे तिथं फ्रेमखालून तुकडा सरकवायचा, पहिले टाके त्याला पकडतात. नवीन डिझाइनचा नमुना काढायलाही जोडलेला पेपर पुरतो. अगदी बारीक कट-अवे उशीत किंवा कापडी खेळण्यात भरावा. तो धुतला तरी गोळा होत नाही.

(दृश्य: टेरी टॉवेलवर हॉटेलचं नाव भरलं जातंय.)

चौथी पिशवी सोलापूरला सगळ्यात जवळची. टॉवेलवर सुतांचे फासे उभे असतात. नुसते टाके घातले तर ते फाशांत बुडतात, अक्षर वाचताच येत नाही. म्हणून टॉवेलवर पारदर्शक फिल्म अंथरतात. ती फासे दाबून धरते. काम झालं की भोवतालची फिल्म ओढून काढतात, टाक्यांत अडकलेली पाण्यानं जाते.

ओढून काढलेली ही फिल्म टाकू नका. काचेच्या बरणीत कोमट पाणी घ्या, तुकडे टाका, रात्रभर राहू द्या. पाणी दाटसर होतं. मलमल किंवा शिफॉनसारख्या सुळसुळीत कापडाला ते ब्रशनं लावून वाळवलं की कापड कडक होतं आणि फ्रेममध्ये सरकत नाही. नंतर धुतलं की पुन्हा मऊ. कापडाच्या कोपऱ्यावर आधी करून बघा, रंग सुटणाऱ्या कापडाला हे चालणार नाही.

ही फिल्म पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. पाण्यात दिसेनाशी झाली तरी ती पाण्यातच असते, म्हणून तुकडे मोरीत सोडून देण्यापेक्षा बरणीत गेलेले बरे.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडी फिल्म कडक होऊन तडकते, पावसाळ्यात तीच चिकट होते. त्यामुळे तिचे तुकडे झिपच्या पिशवीत, हवा काढून ठेवावे लागतात. बरणीतलं पाणी मात्र लागेल तेवढंच करावं. ते फार दिवस टिकत नाही. वास आला की ओतून द्यायचं.