मिलथॉर्पचा संसार

श्रोतेहो, नमस्कार. प्रेमभंगातून सावरलेल्या दोन पुरुषांच्या संसाराविषयी बोलायचे तर मला इंग्लंडमधील एडवर्ड कार्पेंटर आठवतात. हे लेखक आणि समाजवादी विचारवंत. आधुनिक सभ्यतेला रोग म्हणताना गांधीजींनी 1909 साली ‘हिंद स्वराज’मध्ये यांच्याच पुस्तकाचा दाखला दिला होता.

1844 साली सुखवस्तू घरात जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले कार्पेंटर चाळिशी उलटल्यावर शेफिल्डच्या जॉर्ज ह्यूकिन या वस्तऱ्यांना धार लावणाऱ्या कारागिरात गुंतले. ह्यूकिनचाही त्यांच्यावर जीव होता. पण 1887 साली त्याने एका मुलीशी आपले जुळल्याचे सांगितले आणि लग्न केले. कार्पेंटर पार खचले. तरीही त्यांनी त्या जोडप्याशी अबोला धरला नाही, उलट मैत्री अखेरपर्यंत टिकवली. मला तर त्यांच्या पुढच्या सुखापेक्षाही ही गोष्ट अवघड वाटते.

1891 साली ते सिलोन आणि भारत पाहून परतले, आणि थोड्याच काळात शेफिल्डजवळ आगगाडीत जॉर्ज मेरिल या तरुणाशी त्यांची नजरानजर झाली. टोटली स्थानकावर तो उतरला आणि अंतर राखून मागोमाग चालू लागला. तेव्हा कार्पेंटर सोबतच्या मित्रांना पुढे जाऊ देऊन मुद्दाम रेंगाळले, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि त्यांनी पत्ता विचारून घेतला. मेरिल त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, गरीब वस्तीत वाढलेला आणि शाळेचे फारसे तोंड न पाहिलेला होता.

एका छपराखाली यायला मात्र 1898 साल उजाडले. त्या फेब्रुवारीत बर्फाचे वादळ चालू असताना मेरिल आपले सारे चंबूगबाळे हातगाडीवर लादून, डोंगर ओलांडून मिलथॉर्प गावी त्यांच्या घरी आला. पुरुषांमधील अशा संबंधांना तेव्हा तुरुंगवासाची शिक्षा होती आणि प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना ती होऊन तीनच वर्षे लोटली होती, त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने जवळच्या मित्रांनीही विरोध केला. कार्पेंटर यांनी तो जुमानला नाही. (इंग्लंडमधील तो कायदा 1967 साली सैल झाला, आपल्याकडे त्यासाठी 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.)

मग मेरिल स्वयंपाक करी, घर लख्ख ठेवी, आल्यागेल्याला गाणी म्हणून दाखवी. कार्पेंटर लिहीत, बागेत खपत आणि भारतातून आलेल्या नमुन्यावरून चपला शिवत. 1928 साली मेरिलचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, हा संसार चालला.

मेरिलची एक आठवण स्वतः कार्पेंटर यांनीच लिहून ठेवली आहे. एकदा एक धर्मप्रचारक स्वर्गप्राप्तीची पत्रके घेऊन दाराशी आला, तेव्हा मेरिलने त्याला सरळ सांगितले, की आम्ही इथे स्वर्गातच आहोत हे तुम्हाला दिसत नाही का, याहून चांगले आम्हाला काही नको, तेव्हा आपण निघावे.