झाडूची तार आणि रेडिओचे व्हॉल्व्ह : एलमोर जेम्सची गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी डायलमागचा दिवा लागायचा, आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापायच्या आणि मग आवाज हळूहळू वर यायचा. आज ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या ज्या गिटारवादकाबद्दल बोलायचं आहे, त्या एलमोर जेम्सचे हात या नळ्यांवर बसलेले होते.

एलमोरचा जन्म 27 जानेवारी 1918 चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात रिचलंड गावचा. घर शेतमजुरांचं. लहानपणी त्यानं झाडू बांधायची तार काढली, खोपटाच्या भिंतीवर ताणून ठोकली आणि ती वाजवायला लागला. तिथल्या गरीब मुलांचं पहिलं वाद्य बहुधा असंच असे. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. परत आल्यावर कॅन्टन गावी मानलेला भाऊ रॉबर्ट होल्स्टन याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागला. त्याच्या वादनाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण माझ्या मते त्याच्या आवाजाचं मूळ या दुकानात आहे.

ते कसं, ते पाहू. स्लाइड म्हणजे बोटात घातलेली धातूची किंवा काचेची नळी. ती तारेवरून सरकवायची, तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, दाबायची नाही. आपल्याकडे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवर सिनेगीतं ऐकलेल्यांना ही मींड ओळखीची वाटेल. फरक इतकाच की हवाईयन गिटार आडवी ठेवतात आणि एलमोर नेहमीसारखी उभी धरायचा. साध्या लाकडी गिटारवर स्लाइडचा सूर लवकर विझतो. एलमोरनं लाकडी गिटारच्या तोंडाशी पिकअप, म्हणजे तारांची थरथर उचलून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग, बसवला आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे चालवला. तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायरही रेडिओसारखेच व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्ह ठरावीक मर्यादेपर्यंतच मोठी लहर देऊ शकतो. त्याहून जास्त मागितलं की लहरीचे माथे कापले जातात. त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश उमटतात, आवाज खरखरीत आणि दाट होतो. शिवाय सूर विझायला लागला तरी अ‍ॅम्प त्याला बराच वेळ जवळपास तितक्याच जोरात धरून ठेवतो. म्हणजे स्लाइडची उणीव व्हॉल्व्ह भरून काढतो.

याला एक धोका आहे. पोकळ लाकडी गिटार मोठ्या अ‍ॅम्पसमोर धरली की स्पीकरच्या आवाजानं तिची पाटी थरथरते, तीच थरथर पिकअप पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. गिटारच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा आणि अ‍ॅम्पच्या थेट समोर न बसता थोडं तिरकं बसायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

त्याचं गाजलेलं ‘डस्ट माय ब्रूम’ 5 ऑगस्ट 1951 रोजी जॅक्सन शहरात ट्रम्पेट या तबकड्यांच्या कंपनीसाठी मुद्रित झालं. हार्मोनिकावर सनी बॉय विल्यमसन होता, या नावाच्या दोन वादकांपैकी दुसरा. तबकडीवर नाव छापलं ‘एल्मो जेम्स’, आणि दुसऱ्या बाजूचं गाणं तर भलत्याच गायकाचं! हेच गाणं ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सननं 1936 मध्ये गायलं होतं, पण त्यात त्यानं स्लाइड वापरली नव्हती. जॉन्सनची बोटांनी वाजवायची तिगुन, म्हणजे एका मात्रेत तीन आघात, एलमोरनं स्लाइडवर आणली.

वाजवून पाहायचं असेल तर गिटार ओपन डीमध्ये लावा. सहावी तार ईवरून डी, तिसरी जीवरून एफ शार्प, दुसरी बीवरून ए, पहिली ईवरून डी. पाचवी आणि चौथी आहे तशीच. आपल्या भाषेत जाड तारेकडून सा प सा ग प सा. चार तारा उतरल्यानं बारीक तारांचा संच ढिला पडतो आणि नळी फ्रेटवर आपटून खडखडते. म्हणून पहिली तार 0.013 इंचाची घ्या आणि तारा फ्रेटपासून थोड्या उंच ठेवा. नळी करंगळीत घाला. दोन फ्रेट खालून सुरू करून बाराव्या फ्रेटवर पोहोचा आणि वरच्या दोन तारांवर एका मात्रेत तीन आघात द्या.

बहुतेकांचं चुकतं ते इथं. नेहमी बोट फ्रेटच्या अलीकडे पडतं, त्याच सवयीनं नळीही अलीकडे राहते आणि सूर उतरतो. नळी बरोबर धातूच्या पट्टीच्या डोक्यावर हवी, पट्टीला समांतर. तिरकी झाली तर एक तार सुरात आणि दुसरी बेसूर. नळीच्या मागं बाकीची बोटं तारांवर हलकी टेकवा, नाहीतर मागच्या भागाची गुणगुण ऐकू येते. कंपन देताना पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखंच हलायचं.

पुढं शिकागोत ‘ब्रूमडस्टर्स’ हा त्याचा ताफा गाजला, आणि 1959 मध्ये त्यानं ‘द स्काय इज क्राइंग’ ध्वनिमुद्रित केलं. 24 मे 1963 रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकारानं तो गेला. पण तोवर लंडनमध्ये ब्रायन जोन्स ‘एल्मो लुईस’ या नावानं त्याच्यासारखी स्लाइड वाजवू लागला होता. त्याचा रोलिंग स्टोन्स हा बँड त्यानंतर, 1962 मध्येच जन्मला. फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचा जेरेमी स्पेन्सर तर सुरुवातीला जवळजवळ एलमोरचीच गाणी वाजवायचा. एकाच सुरावटीवर जगला, असा आरोप एलमोरवर होतो. ती सुरावट त्यानं अनेकदा वापरली, हे खरं. पण ‘द स्काय इज क्राइंग’च्या संथ लयीत तोच हात एकेक सूर कसा लांबवतो, हे ऐकल्यावर तो आरोप मला पटत नाही.

आता 1951 ची ती मूळ तबकडी ऐकू या. पहिल्या तिगुनीनंतर हार्मोनिका मागून आत येते, तिच्याकडे कान ठेवा. आणि प्रत्येक ओळ संपली की स्लाइड जे उत्तर देते, त्यातला शेवटचा सूर किती वेळ तरंगत राहतो ते पाहा.