फोटो काढला, दाखवायचा कधी?

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

१८७१ च्या वसंतात पॅरिसच्या कष्टकऱ्यांनी शहराचा कारभार हातात घेतला. पॅरिस कम्यून या नावानं आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. रस्त्यांवरचे फरसबंदीचे दगड उचकटून त्यांनी अडथळे रचले आणि त्यांच्यासमोर बंदुका घेऊन ही माणसं हौसेनं कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. मे महिन्यात त्यांनी वांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला, तेव्हा त्या पडलेल्या स्तंभाभोवतीही घोळक्यानं फोटो काढून घेतले. ब्रुनो ब्राकेए नावाच्या छायाचित्रकाराचे त्यांतले कितीतरी फोटो आजही पाहायला मिळतात. त्या काळी फोटो काढताना हलून चालायचं नाही. त्यामुळे सगळे स्तब्ध आहेत, चेहरे लख्ख आले आहेत. महिनाअखेरीला सरकारी फौज शहरात घुसली. हजारो माणसं मारली गेली आणि जे उरले त्यांना हुडकायला पोलिसांनी हेच फोटो हाताशी घेतले.

त्या फोटोंतली माणसं राजीखुशीनं उभी होती. "परवानगी घेतली होती का?" असं विचारलं, तर उत्तर "हो" असंच येतं. परदेशातल्या बंडखोरांचे फोटो काढणारे आम्ही लोक आजही याच एका उत्तरावर भागवतो. माझ्या मते ते पुरत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली. आधी लाखो लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, आणि मग शहरातली शिकलेली पोरं सीमेवरच्या जंगलात गेली. तिथं करेन या अल्पसंख्य समाजाचा सरकारविरुद्धचा सशस्त्र लढा १९४९ पासून चालू आहे. त्यांच्याकडे ही पोरं बंदूक धरायला शिकली. थायलंडच्या मे सोत गावाकडून मी त्या भागात काम केलं. तिथल्या एका मुलाबद्दल सांगतो. तो कुठल्या शहरातला, काय शिकत होता, हे मात्र सांगणार नाही. कारण तुमच्यातलं कुणीतरी आत्ताही हे रेकॉर्ड करत असेल.

त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो त्यानं सुतळीनं बांधला होता. बंदुकीचा दस्ता हातानं तासलेला, वर रंध्याचे ओरखडे दिसत होते. मी त्या दस्त्याचा आणि त्याच्या हाताचा फोटो घेत होतो. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, "चेहरा घ्या. मी कुणाला भीत नाही." मी विचारलं, घरी कोण असतं? आई आणि धाकटी बहीण, दोघी शहरातच. म्हणजे लष्कराच्या हाताशी. तिथं नाक्यानाक्यावर फोन तपासतात, लढायला गेलेल्यांच्या घरच्यांना उचलतात, घराला सील ठोकतात. मी म्हटलं, आईला विचारलं तर काय म्हणेल? तो लगेच म्हणाला, "नाही म्हणेल."

मी त्याचा चेहऱ्यासकट फोटो काढला आणि त्याला स्पष्ट सांगितलं, तुझ्या घरच्यांना धोका आहे तोवर हा कुठेही येणार नाही. तो चिडला. "मग काढता कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याला मी जे सांगितलं ते आपल्या भागातलं होतं. १९४३ ते १९४६ या काळात आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत, म्हणजे तेव्हाच्या एकाच सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना होती. लोकन्यायालयं होती, पगाराची गाडी लुटली गेली होती. याच सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा निसटले. समजा तेव्हा एखादा परदेशी छायाचित्रकार कुंडलच्या रानात आला असता, त्यानं या भूमिगतांचे चेहरे टिपले असते आणि महिनाभरात ते लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आले असते. नाना पाटलांचं घर आणि जमीन इंग्रज सरकारनं तशीही जप्त केलीच होती. त्यांना भाकरी बांधून देणाऱ्या, रात्रीपुरतं लपवणाऱ्या घरांचं काय झालं असतं? आणि आता दुसरी बाजू बघा. त्याच छायाचित्रकारानं ते फोटो जपून ठेवले असते आणि १९४७ नंतर आपल्याला दिले असते, तर आज आपल्याकडे किती मोठा ठेवा असता! तुफान सेनेतली माणसं एकेक करून गेली. त्यांचा तरुणपणीचा चेहरा कसा होता, हे कित्येक घरांत आज सांगताही येत नाही. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, आत्ता काढायचा आणि नंतर दाखवायचा. त्याचं पूर्ण समाधान झालं असं नाही.

काढणं आणि दाखवणं हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, आणि दुसऱ्या निर्णयात घरच्यांचाही वाटा आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. संपादक म्हणतात, बातमी शिळी होते. होऊ दे. जिवावर उदार होऊन काढलेला फोटो आहे, दाखवण्याचा हक्क आमचा आहे, असंही काही सहकारी म्हणतात. या कामात माणसं जिवानिशी जातात हे खरंच आहे. टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे छायाचित्रकार २० एप्रिल २०११ ला लिबियात मिस्राता इथं मारले गेले. आपला दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारला गेला. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण स्वतःचा जीव धोक्यात घातला म्हणून दुसऱ्याच्या आईचा जीव धोक्यात घालायची मुभा मिळत नाही.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात लढणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच सोडवला होता. १९७८ साली मसाया शहरातल्या मोनिंबो वस्तीतली पोरं हुकूमशहा सोमोसाच्या सैनिकांविरुद्ध उठली, तेव्हा त्यांनी पारंपरिक नाचातले मुखवटे चढवले. गुलाबी गालांचे, रेखीव मिशांचे. सुझन माइसेलास या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी ते टिपले. चेहरा एकही नाही, तरी ती पोरं कोण, कुठली, त्यांची संस्कृती काय, सगळं त्या फोटोत आहे. चेहऱ्याशिवाय फोटोत जीव येत नाही म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. माइसेलास यांचाच दुसरा फोटो, १६ जुलै १९७९ चा, तिथल्याच एस्तेली शहरातला. एका हातात रायफल आणि दुसऱ्या हातात पेटती पेप्सीची बाटली घेऊन ती फेकणारा तरुण. दुसऱ्याच दिवशी सोमोसा देश सोडून पळाला. तो तरुण मग काड्यापेट्यांवर आला, भिंतींवर आला, आणि पुढे दूरदेशीच्या एका चित्रात कुठल्याही संदर्भाशिवाय आला. माइसेलास यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्याचं नाव, गाव आणि तो कशासाठी लढत होता हे पुसू नका, एवढाच त्यांचा आग्रह होता. २००४ साली त्या आपले फोटो भिंतीएवढे मोठे करून निकाराग्वात परत घेऊन गेल्या आणि जिथं काढले तिथंच लावले.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. डिसेंबर १९७१, ढाका. पाकिस्तानी फौज शरण येऊन दोनच दिवस झाले होते. फौजेला साथ दिल्याचा आरोप असलेल्या काही जणांना मुक्तिवाहिनीच्या माणसांनी मैदानात, जमावासमोर संगिनींनी भोसकून मारलं. तिथं परदेशी छायाचित्रकार होते. कॅमेरे आहेत म्हणूनच हे चाललंय असं वाटून काही जण निघून गेले. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोरां थांबले, आणि १९७२ चं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक त्यांना मिळालं. कोण बरोबर? माझं मत सांगतो. माझ्या असण्यानं मार थांबत असेल तर मी थांबेन. माझ्या कॅमेऱ्यासाठी मार वाढत असेल तर कॅमेरा पिशवीत घालून निघेन. अर्थात हे ओळखायला तिथं क्षणभराचाच अवधी असतो. जे थांबले त्यांना मी दोष देणार नाही, कारण त्यांच्यामुळे त्या खुनांची नोंद राहिली. आपल्याला ज्यांच्याबद्दल सहानुभूती आहे तेही असं वागतात, हे जगाला कळलंच पाहिजे.

पकडलेल्या माणसाबद्दल मात्र मला शंका नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं की युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघ्या नजरेपासून जपलं पाहिजे. गुडघ्यावर बसवलेल्या, हात बांधलेल्या माणसाला "फोटो काढू का?" विचारण्यात अर्थ नाही. तो "नको" म्हणूच शकत नाही.

आता तुमच्या-माझ्या फोनबद्दल. बंडखोरांचे बरेचसे फोटो आज छायाचित्रकार काढतच नाहीत, ते स्वतःच काढतात, आणि ते फिरत फिरत आपल्या मिरजेच्या, तासगावच्या ग्रुपवर येतात. चेहरा झाकला तरी हातावरचं गोंदण, मागच्या डोंगराची कड, विजेच्या खांबाचा नंबर एवढ्यावरून जागा शोधणारे लोक आहेत. हलकासा ब्लर पुरत नाही, काळी पट्टीच लावावी. फाइलच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच पुढे जाते. तेव्हा असा फोटो आला, कोणी काढला आणि कधीचा हे माहीत नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवा.

पत्रकारितेची मुलं मागच्या रांगेत बसलेली दिसतायत. फाइलमधली ही माहिती कशी बघायची आणि कशी काढायची, ते ज्यांना शिकायचं असेल त्यांनी फोन घेऊन पुढे या. मी इथंच आहे, करून दाखवतो.