सेंट जोसेफचा मनोरा आणि चुना

[दृश्य: वसईची जेट्टी, ओहोटीची वेळ. झाडीतून वर आलेला मनोरा.]

वसईच्या किल्ल्यात जेट्टीच्या बाजूने शिरलात, की झाडीच्या वर डोकं काढलेला एक मनोरा दिसतो. हा सेंट जोसेफ चर्चचा घंटेचा मनोरा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही वर्षांत तटाच्या आत चर्चं उभी राहिली. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत सेंट जोसेफ नव्याने बांधलं गेलं.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. इथल्या घंटा देशावरच्या देवळांत पोचल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा अवश्य पाहा: तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे साल.

[दृश्य: भिंतीचा तुटलेला कडा, अगदी जवळून.]

आता हा तुटका कडा बघा. बाहेरून घडीव दगड, आत डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, आणि चुना. अशा भिंतीचा जीव त्या आतल्या चुन्यात असतो. छप्पर होतं तोवर तो कोरडा राहिला. छप्पर गेल्यावर पावसाचं पाणी भिंतीच्या माथ्यावरून थेट गाभ्यात उतरतं, चुना धुऊन नेतं आणि डबर सुटं होतं. भिंत पोटातून फुगायला लागते. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो, तिथे आत माल उरलेला नाही.

मग लोक सिमेंट भरतात, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सिमेंटचा थर घट्ट बसतो, पण आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. इथे त्या ओलीत समुद्राचं मीठही असतं. ते सिमेंटच्या मागे साचून स्फटिक धरतं आणि जुना चुना भुगा होतो. बाहेरून दरज, म्हणजे दोन दगडांमधली फट, नवी दिसते, आत भिंत रिकामी होत असते.

[दृश्य: कळीचा चुना पाण्यात पडतो, वाफ उठते.]

काम चुन्यानेच करायचं. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात सोडताच उकळ्या फुटतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यावा. घाई केली तर न भिजलेले खडे भिंतीत गेल्यावर फुलतात आणि गिलाव्याला फोड येतात.

मुरलेला चुना एक भाग, स्वच्छ धुतलेली वाळू तीन भाग. खाडीची खारी वाळू अजिबात नको. ओल जास्त असेल तिथे थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालतात, त्याने चुना ओलीतही धरतो. चुना दळायच्या घाणीत, म्हणजे चक्कीत, मळलेला माल थापीला चिकटून राहिला पाहिजे.

दरज भरण्याआधी तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल उकरा, धूळ काढा, दगड भिजवा. कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो आणि भरलेली दरज पापुद्र्यासारखी सुटते. भरल्यावर गोणपाट लावून आठवडाभर तरी ओल ठेवा. भिंतीच्या माथ्यावर उतार देऊन चुन्याचा कोबा करा. माथा बंद केल्याशिवाय खालच्या दरजांना अर्थ नाही. हे सगळं पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून. एप्रिलच्या उन्हात माल लवकर सुकून तडकतो.

[दृश्य: दगडांच्या सांध्यातून निघालेलं पिंपळाचं रोप.]

उरला पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं. रोप वीतभर असताना, दरज ओली असेल तेव्हा, ते मुळासकट हाताने निघतं. खोड जाड झाल्यावर मात्र ओढू नका, मुळाबरोबर दगडही येतील. नुसतं छाटलं तर ते दुप्पट जोमाने फुटतं. बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ पुरतं मेल्याची खात्री करायची, मग ते तुकड्यातुकड्याने काढून त्या पोकळीत पातळ चुना ओतायचा, तळापासून वर, भरून बाहेर येईपर्यंत.