न्यव्ह शापेल : फ्रान्समधलं गाव आणि खडकीचे सॅपर

नमस्कार मंडळी. आज ज्या गावाबद्दल बोलायचंय त्याचं नाव न्यव्ह शापेल. न्यव्ह म्हणजे नवी, शापेल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. हा ‘न्यव्ह’ आपल्या ‘नव’ शब्दाचा लांबचा चुलतभाऊ बरं का. दूरदेशी नातलग भेटावा तसं वाटतं. गाव उत्तर फ्रान्समध्ये, बेथ्यून आणि लील या शहरांच्या मधल्या सपाट मुलखात आहे. विटांची घरं, बीट-बटाट्याची शेतं, एक चर्च. राजवाडा नाही, किल्ला नाही.

इथली जमीन मात्र लक्षात ठेवा. थोडं खणलं की पाणी लागतं. पहिल्या महायुद्धात इथे खोल खंदक टिकेनात, म्हणून मातीच्या पोत्यांचे बांध रचून त्यांच्याआड लढावं लागे. आता अशा चिखलात खणकाम, बांधकाम करणारी माणसं म्हणजे सॅपर. आणि सॅपर म्हटलं की आपल्या पुण्यात कोणती जागा आठवते? खडकी. हेच सांगायला मी उभा आहे.

ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन सप्टेंबर 1914 च्या अखेरीस फ्रान्समधल्या मार्सेयच्या बंदरात उतरली. तिच्यासोबत खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी न्यव्ह शापेल घेतलं. ते परत घ्यायचं, पण पायदळ पुरेना. मग 28 ऑक्टोबरला 47 व्या शीख पलटणीच्या जोडीला या दोन कंपन्यांना पाठवलं. पूल बांधणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या कारागिरांना संगिनी लावून हल्ल्यात घालणं म्हणजे सुताराला कुस्तीच्या हौद्यात उतरवणं. पण ते गावात घुसले. घराघरांतून, गल्लीबोळांतून हातघाईची लढाई झाली. मागून कुमक आलीच नाही, मुख्य रस्ता मशीनगनच्या माऱ्याखाली, शेवटी मागे फिरावं लागलं. 47 व्या शीख पलटणीचे 289 जण हल्ल्यात उतरले होते, परत गोळा झाले 68. सॅपर्सनाही असाच तडाखा बसला. त्यांचे बहुतेक गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

पुस्तकांत न्यव्ह शापेल म्हटलं की मार्च 1915 येतो. ऑक्टोबर एखाद्या ओळीत उरकतात. ते मला पटत नाही. तरी मार्चचंही सांगतो. 10 मार्चला सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, 35 मिनिटं चालल्या. विमानातून काढलेल्या फोटोंवरून जर्मन खंदकांचे नकाशे आधीच तयार होते. त्या काळात हे नवंच होतं. मग हिंदी सैन्याचीच मीरत डिव्हिजन आणि ब्रिटिश तुकड्या पुढे गेल्या आणि सकाळीच गाव हाती आलं. त्यापुढे मात्र घोडं अडलं. निरोप पोचेनात, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, वरचे हुकूम येईपर्यंत जर्मन सावरलेले. तीन-चार दिवसांत जेमतेम दोनेक किलोमीटरची आगेकूच, आणि त्यापायी हिंदी सैन्याचे चार हजारांवर लोक मेले, जखमी किंवा बेपत्ता.

त्यातच 39 व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचा रायफलमन गब्बरसिंग नेगी होता. जर्मन खंदकात प्रत्येक वळणावर तो सर्वांत आधी पुढे व्हायचा. शत्रूने शस्त्रं टाकली, तो मात्र तिथेच पडला. वय विशीच्या आतलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उत्तराखंडातल्या चंबा गावी त्याच्या नावाने आजही एप्रिलमध्ये मेळा भरतो.

गावाजवळच्या चौकात, ज्याला टॉमींनी, म्हणजे ब्रिटिश शिपायांनी, पोर्ट आर्थर असं नाव पाडलं होतं, तिथे 1927 मध्ये भारतीय स्मारक उभं राहिलं. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा, दिल्लीतल्या सेक्रेटरिएटचे वास्तुकार तेच. गोल आवार, अशोकस्तंभाची आठवण देणारा सुमारे 15 मीटरचा खांब, वर कमळ, पायाशी दोन दगडी वाघ. भिंतीच्या अर्ध्या भागाला सांचीच्या कठड्यासारखी जाळी आहे. देव एक आहे आणि विजय त्याचाच, असं खांबावर कोरलेलं आहे; इंग्रजी, अरबी, गुरुमुखी आणि आपल्या देवनागरीतही. बीटच्या शेतांमध्ये देवनागरी! खांबावर ब्रिटिश मुकुटही आहे, तोही पाहून घ्यावा. कोणाच्या हुकमाने ही माणसं इथे आली ते त्यावरून कळतं.

या चौकाजवळच पोर्तुगीज सैनिकांचं कब्रस्तान आहे. 9 एप्रिल 1918 ला जर्मनांनी याच पट्ट्यात पोर्तुगीजांची फळी फोडली. गावात तोफांच्या माऱ्यात मोडलेला पण शिल्लक राहिलेला ख्रिस्ताचा एक पुतळा होता. तो 1958 मध्ये पोर्तुगालला दिला गेला. आता तो बाताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे. म्हणजे या गावाची एक खूण बघायची तर दुसऱ्याच देशात जावं लागतं.

स्मारकाच्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावं आहेत. ज्यांची कबर कुठे आहे हे कळलं नाही, अशांची. नावं पलटणीनुसार लावलेली आहेत. कधी गेलात तर वाघांचे फोटो काढून झाल्यावर ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ हे शीर्षक शोधा. खडकीची माणसं त्याखाली आहेत.