ट्रॉलीमागचे प्रशिक्षण

पडद्यावर दिसणारे हे विमान कधीच उडत नाही. प्रशिक्षण केंद्रातील एका उंच छताच्या दालनात उभारलेली ही केबिनची प्रतिकृती आहे. आसनांच्या रांगा, मधली चिंचोळी वाट, सामानाचे कप्पे आणि मागची गॅली, म्हणजे विमानातले छोटे स्वयंपाकघर, हे सारे खऱ्या विमानाच्या मापाने बांधलेले आहे, कारण येथे शिकलेली प्रत्येक कृती पुढे एवढ्याच जागेत करावी लागणार असते. वाटेत आडवा पडलेला पुतळा हा आजचा रुग्ण आहे.

या तिघा केबिन कर्मचाऱ्यांच्या हालचालींकडे नीट पाहावे. सर्वांत आधी पोहोचलेली कर्मचारी रुग्णाला सोडून जात नाही. ती त्याचे खांदे हलवून हाक मारते, श्वास चालू आहे का ते पाहते आणि तेथूनच सहकाऱ्यांना बोलावते. दुसरा कर्मचारी ऑक्सिजनचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र घेऊन येतो. तिसरी इंटरफोन उचलून वैमानिकाशी बोलू लागते. कॉकपिटचे दार उड्डाणभर बंद असल्यामुळे कॅप्टनला रुग्ण दिसत नाही, आणि म्हणून वय, लक्षणे, शुद्ध आहे की हरपली आहे, कोणते उपचार सुरू झाले, हे सारे तिने थोडक्यात, पण काहीही न गाळता सांगायचे असते. प्रवासी या तिघांना जेवणाच्या ट्रॉलीमागे पाहतात; ट्रॉली हा त्यांच्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

आता गुडघे टेकून छाती दाबण्याचा, म्हणजे सीपीआरचा, सराव सुरू झाला आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि ३० दाबांनंतर दोन श्वास, हे गणित जमिनीवर आणि हवेत सारखेच असते. वेळेचे गणित मात्र सारखे नसते. हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि विमानतळ अगदी खाली असला तरी उड्डाणाच्या उंचीवरून उतरायला वीसेक मिनिटे तरी लागतात. म्हणूनच एईडी विमानातच असावे लागते. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने १९९१ मध्ये ही यंत्रे विमानांत ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेत २००४ पासून मोठ्या प्रवासी विमानांत ती बंधनकारक आहेत, आणि तेथील केबिन कर्मचाऱ्यांना सीपीआर व एईडीचे प्रशिक्षण किमान दर २४ महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते.

ही जबाबदारी नवी नाही, हे जुनी छायाचित्रे पाहिली की लक्षात येते. १५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात जगातील पहिली महिला केबिन कर्मचारी म्हणून एलन चर्च चढली, तेव्हा ती प्रशिक्षित परिचारिका होती. तिच्यासोबत कंपनीने नेमलेल्या इतर सात जणीही परिचारिकाच होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची गरज आघाडीवर भासू लागली आणि ही अट मागे पडली. गणवेश लोकांच्या लक्षात राहिला, परिचर्या विसरली गेली.

टेबलावरचे हे बंद पाकीट उड्डाणात असे फुगते, कारण केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, तर साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. आठ हजार फुटांच्या दाबाला शरीरात कोंडलेली हवा सुमारे ३० टक्क्यांनी प्रसरण पावते आणि रक्तातील ऑक्सिजनही थोडा उतरतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. हृदय किंवा फुप्फुसे आधीच थकलेली असतील त्याला जाणवते.

ही आपत्कालीन वैद्यकीय पेटी आता उघडली जात आहे. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅस्पिरिन, नायट्रोग्लिसरिन, दम्याचा पंप, ग्लुकोजचे इंजेक्शन, सलाइन आणि रक्तदाबमापक तिच्यात असतात. स्टेथोस्कोपही असतो, परंतु इंजिनांच्या आवाजात त्यातून फारसे ऐकू येत नाही, त्यामुळे वरचा रक्तदाब अनेकदा मनगटावरची नाडी चाचपूनच मोजावा लागतो. प्रवाशांत डॉक्टर आहे का, याची घोषणा होते आणि अनेकदा कोणीतरी उठतेही. १९९५ मध्ये हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात शल्यविशारद प्राध्यापक अँगस वॉलेस यांनी कोट अडकवण्याचा हँगर आणि ब्रँडी वापरून एका प्रवाशाच्या छातीत नळी घातली, ती हकीकत आजही सांगितली जाते. मात्र ती नेहमी डॉक्टरांचीच हकीकत म्हणून सांगितली जाते.

अनेक विमान कंपन्यांचे वैमानिक जमिनीवरील वैद्यकीय केंद्राशी रेडिओ किंवा उपग्रह दूरध्वनीवरून संपर्क साधतात. तेथील डॉक्टर सल्ला देतात. विमान वळवायचे की नाही, हे अखेर कॅप्टन ठरवतो, कारण हवामान, धावपट्टीची लांबी आणि विमानाचे वजन यांचाही विचार त्यालाच करायचा असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच कंपन्यांच्या ११,९२० प्रसंगांच्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वेळा विमान वळवावे लागले आणि मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते.

आता खऱ्या विमानाच्या दाराशी रुग्णवाहिकेचे कर्मचारी आले आहेत आणि स्ट्रेचर बाहेर निघत आहे. आत मात्र तिघे जण पेटीतील वापरलेल्या वस्तूंची यादी करत आहेत, तुटलेल्या सीलची नोंद लिहीत आहेत आणि घटनेचा अहवाल भरत आहेत. प्रवासी उतरल्यावर केबिनची स्वच्छता होईल, पेटीच्या जागी नवी पेटी येईल आणि कामाचे तास शिल्लक असतील तर हेच तिघे पुढच्या उड्डाणालाही असतील.