यादृच्छिक म्हणजे वाटेल तो नव्हे

(सोलापुरात संशोधक विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, प्रबंधांच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य मला हमखास भेटते: 'अभ्यासासाठी यादृच्छिक पद्धतीने 100 उत्तरदाते निवडले.' अधिक चौकशी केली की कळते, संशोधक एस.टी. स्थानकावर उभा राहिला आणि जो थांबायला तयार झाला त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. हा सोयीचा नमुना झाला. तो घेणे हा काही गुन्हा नाही, प्रश्नावलीची पूर्वचाचणी करायला तो चांगलाच उपयोगी पडतो. परंतु त्याला यादृच्छिक म्हणणे खोटे आहे. यादृच्छिक निवडीत समग्रातल्या, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या सगळ्यांमधल्या, प्रत्येकाला नमुन्यात येण्याची संधी असावी लागते, ती किती आहे हे आधी सांगता यावे लागते, आणि निवड चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून व्हावी लागते.

मी स्वतः विद्यार्थी असताना विडी कामगार स्त्रियांच्या पाठदुखीचा अभ्यास करायला निघालो होतो. वळलेल्या विड्या जमा करायला सकाळी कारखान्याच्या दारात रांग लागते, तेथेच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या असे मी ठरवले. तीन दिवसांत साठ भरल्या आणि मी खूश होतो. चौथ्या दिवशी रांगेत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पिशवी घेऊन उभी होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आईला उठायला येईना, म्हणून मी आणलंय." जिची पाठ सर्वांत जास्त दुखत होती, ती माझ्या रांगेत येणारच नव्हती. साठही प्रश्नावल्या बाजूला ठेवाव्या लागल्या.

मग यादीवरून निवड करावी, असे आपण म्हणाल. जरूर करावी, पण यादी कशाची आहे ते आधी पाहावे. नोंदवहीत एका स्त्रीचे नाव असते आणि घरी सुपाभोवती सासू, सून, लेक अशा तिघी बसलेल्या असू शकतात. आपल्याला नोंदलेल्या स्त्रियांचा अभ्यास करायचा आहे की विडी वळणाऱ्या सगळ्या हातांचा, याचा निर्णय आधी झाला नाही तर पुढची कोणतीही चिठ्ठी निरुपयोगी ठरते. 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका नामांकित साप्ताहिकाने टेलिफोनधारक, मोटारमालक अशांच्या याद्यांवरून सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे उमेदवार लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. यादी सधनांकडे झुकलेली होती, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. लाखोंच्या आकड्याने या दोन्हींपैकी एकही दोष झाकला गेला नाही.

निवड माणसाच्या हाती ठेवली की हात झुकतो. आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत, म्हणजे शेतात चौकट आखून तेवढेच पीक कापायचे आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज करायचा अशा प्रयोगांत, नेमके हेच दाखवले. कापणीची चौकट फार लहान असली की कडेवरची रोपे आत ओढण्याकडे कल होतो आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो. यात लबाडी कोणाचीच नसते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पद्धतशीर नमुना सोपा असतो. 1200 घरांतून 120 हवी असतील तर 1 ते 10 मधला एक अंक चिठ्ठीने काढावा आणि तेथून प्रत्येक दहावे घर घ्यावे. मात्र चाळीत दहा-दहा खोल्यांची रांग असेल, तर प्रत्येक वेळी रांगेतल्या त्याच जागेची, कदाचित कोपऱ्याचीच, खोली वाट्याला येईल. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेथे भाषेनुसार स्तर पाडून प्रत्येक स्तरातून स्वतंत्र निवड करणे मी अधिक पसंत करीन, कारण लहान गट साध्या चिठ्ठीत निसटू शकतो.

किती जण घ्यावेत, हा प्रश्न शेवटी येतोच. साध्या यादृच्छिक नमुन्यात 400 जण घेतले, तर टक्केवारीच्या अंदाजात 95 टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे असे 100 नमुने घेतले तर त्यांतल्या सुमारे 95 नमुन्यांत, जास्तीत जास्त सुमारे 5 टक्केबिंदूंची चूक धरावी लागते. ती निम्मी करायला 1600 लागतात. पण निवडलेल्या घराला कुलूप दिसले म्हणून शेजारच्या घरात शिरलात, तर हे गणित लागू राहत नाही. यंत्रमागावर दिवसपाळीला जाणाऱ्याचे घर दुपारी बंदच असणार. त्याच घरी संध्याकाळी जा, सुटीच्या दिवशी जा, आणि तरीही भेट झाली नाही तर ते घर बंद होते एवढे प्रबंधात नोंदवा.